धर्मग्रामाची वही पुरात कामी यावी

संपादक महोदय,

कुठे पूर आला, भूकंप झाला की आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात (मुख्य उपासनेत) प्रार्थना होते, खास वर्गणी काढली जाते आणि सभागृहात जुन्या कपड्यांचा ढीग लागतो. एकदा त्या ढिगात जरीचं विटकं परकर-पोलकं आणि एकाच पायाचा बूट निघाला होता! वर्गणीबद्दल तक्रार नाही, पैसा लागतोच. पण चर्चचं खरं बळ वेगळं आहे. कुठल्या घरात कोण राहतं, हे चर्चला ठाऊक असतं.

2017 च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ आलं तेव्हा केरळ आणि कन्याकुमारीचे कितीतरी मच्छीमार आधीच समुद्रात होते. बेपत्ता किती, यावरून गोंधळ चालला होता. तिरुवनंतपुरमच्या लॅटिन महाधर्मप्रांताने, म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चच्या प्रांतिक कारभाराने, पूंतुरा, विळिंजमसारख्या धर्मग्रामांतून (एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांतून) स्वतःची यादी केली. ती सरकारी यादीपेक्षा मोठी निघाली. तिथले महागुरुस्वामी (आर्चबिशप) सूसा पाकियम यांनी शोधकार्य थांबू नये म्हणून आग्रह धरला, राजभवनावर मोर्चाही निघाला. त्याच वादळात केरळच्या 66 आणि तमिळनाडूच्या 2 बोटी 952 मच्छीमारांसह आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या होत्या. घरच्यांपर्यंत ती खबर पोहोचवायलाही नावं हवीतच ना?

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2018 मध्ये केरळ बुडालं. किनाऱ्यावरच्या धर्मगुरूंनी चर्चमधून हाक दिली आणि मच्छीमारांनी रातोरात होड्या ट्रकवर चढवून चेंगन्नूर, पत्तनंतिट्टाकडे नेल्या. बुडालेली कुंपणं आणि फाटकं घासून होड्यांचे तळ खरवडले, पण सुमारे 65 हजार माणसं मच्छीमारांनी वाचवली, असा सरकारचाच आकडा आहे. त्यांत मुस्लिम आणि हिंदू मच्छीमारही होते, हे आपल्या लोकांनी कौतुक करताना विसरू नये.

आता वसईचं बोलू. जुलै 2018 मध्ये मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्याकडे आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर (मिस्सातली पवित्र भाकर) द्यायला धर्मगुरू घरी जातात. म्हणजे अंथरुणाला खिळलेले कोण, कुठल्या आळीत, तळमजल्यावर की माडीवर, ही माहिती धर्मग्रामाच्या वहीत आधीच आहे. फक्त ती पावसाळ्याच्या कामाला जुंपलेली नाही. त्याच वहीत होडी कुणाकडे, ट्रॅक्टर कुणाकडे, परिचारिका कोण, हे टिपून ठेवायला एखादा रविवार पुरेल. त्यात चाळींतले भाडेकरू आणि शेजारची अख्रिस्ती घरंही हवीत. पाणी बाप्तिस्म्याचा दाखला बघून घरात शिरत नाही.

हे काम एकट्या फादरांवर टाकू नये, त्यांची बदली झाली की सगळं विसरलं जातं. धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाने (चर्चच्या कामात धर्मगुरूंना साथ देणाऱ्या सभासदांच्या मंडळाने) ते घ्यावं, महानगरपालिकेच्या आपत्ती कक्षाशी मे महिन्यातच बोलावं. सेमिनरीत धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्या मुलांनाही प्रवचनाच्या जोडीला प्रथमोपचार आणि मदत छावणी चालवणं शिकवायला हवं. संकट म्हणजे देवाची शिक्षा, असं सांगणारे प्रचारक आधीच पुष्कळ आहेत.

आणि लग्नाच्या बुकिंगसाठी चर्चचं सभागृह लगेच उघडतं, पण पुराच्या रात्री दोन वाजता त्याची किल्ली कुणाकडे मागायची, तेही त्या वहीत पहिल्याच पानावर लिहावं.

– एक वाचक, वसई