अर्ज भरलाच नाही

जत, २९ जून

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा दोन वाक्यांत "बरं, आईकडं देतो" म्हणतात, आणि आई रडायला लागली की मला पुढचं सुचत नाही. म्हणून पत्र. सकाळच्या उजेडात, व्हरांड्यात बसून वाचा.

आधी कबुली देते. बदलीच्या यादीत नाव आलं नाही असं मी सांगितलं, ते खोटं होतं. मी अर्ज भरलाच नव्हता. अवघड क्षेत्रातली तीन वर्षं भरली होती, मिरज तालुक्यातल्या, आपल्या सांगलीजवळच्या गावांची नावं वहीत काढून ठेवली होती, आईनं गुड्डापूरच्या दानम्मादेवीला ओटीसुद्धा बोलली होती. (ती ओटी मी भरून आले. देवीला वाट बघायला लावायची नाही, हे तुझंच.) शेवटच्या दिवशी मोबाईल हातात घेऊन बसले आणि बसूनच राहिले. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असता आणि दोघं रात्रभर जागला असता. त्यापेक्षा खोटं बोललेलं बरं, असं तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

याची सुरुवात फेब्रुवारीत झाली. आम्ही सहा शिक्षक मिळून फलटणला कमला निंबकर बालभवन बघायला गेलो होतो, ते आठवत असेल. क्रूझर भाड्यानं, पैसे पदरचे. आटपाडी, म्हसवड, दहिवडी करत गेलो आणि मोगराळे घाटात आमच्या केंद्रप्रमुखांना उलटी झाली, एवढंच मी तेव्हा सांगितलं होतं. बाकीचं मुद्दाम ठेवलं होतं, कारण बाबा वाद घालणार हे ठाऊक होतं.

ती शाळा १९८६ साली मॅक्सीन बर्नसन यांनी काढली. बाई अमेरिकेतल्या, पण १९७८ला भारताच्या नागरिक झाल्या. शाळा काढायच्या कितीतरी आधी त्यांनी फलटणच्या लोकांच्या बोलण्यावरच पीएच.डी. केली होती. बाबा, कल्पना करा. आपण ज्याला "अशुद्ध" म्हणून लाल शाईनं गोल करतो, त्याचा त्यांनी अभ्यास केला. कोण "पाणी" म्हणतं, कोण "पानी" म्हणतं, कुणापुढं म्हणतं.

तिथं अक्षरं क, ख, ग अशी ओळीनं घेत नाहीत. चार-दोन अक्षरं, एखाददुसरी मात्रा, की लगेच शब्द. शब्दही पोरांच्याच तोंडचे. तुम्ही म्हणाल, मग ज्ञपर्यंत पोचणार कधी? पोचतात. एका पोरानं सांगितलं, "आमची म्हस याली." वर्गाच्या बाईंनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि सगळ्या वर्गानं वाचलं. पुस्तकातलं वाक्य त्यानंतर आलं, शेजारी. म्हस खोडली नाही. आमच्यातले दोघं तेवढ्या वेळात भिंतींचे फोटो काढत होते. रंगाचा डबा आणला की शाळा बदलते असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

मला मात्र त्या म्हशीपाशी आजी आठवली.

बाबा, रागावू नका. तुम्ही शाळेत असलात की आजी आम्हाला हळूच कानडीत विचारायची, "ऊटा आतेनु?" (जेवण झालं का?) आणि तुमच्या सायकलची घंटी वाजली की गप्प व्हायची. तुम्हाला लहानपणी पोरं "कानडी आप्पा" म्हणून चिडवायची, ते तुम्ही एकदाच बोललात, दादाच्या बारशाच्या रात्री म्हणे, आणि आईनं मला ते खूप नंतर सांगितलं. आमच्या वाट्याला ते येऊ नये म्हणूनच घरात शुद्ध बोलायचा नियम होता, हे मला कळतं. तुमची शाळेतली निगडीच्या फोकाची छडीसुद्धा काळजीचीच होती. गणपती पेठेत आज चाळिशीची माणसं तुम्हाला वाकून नमस्कार करतात, ते काही भीतीनं नव्हे.

पण माझ्या वर्गातली निम्मी पोरं घरी कानडी बोलतात. पहिलीतली एक पोर जूनपासून फेब्रुवारीपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. मी शेऱ्यात "मंद" लिहायला निघाले होते, खरंच सांगते. फलटणहून आल्यावर मी त्यांना म्हटलं, तुमच्या घरचे शब्द सांगा, मी लिहिते. चौथ्या दिवशी ती आपणहून उठली आणि फळ्यावर लिहिलं: कुरी. म्हणजे मेंढी. क, र, उकार, वेलांटी, सगळं तिला येत होतं. तिच्या बापाची चाळीस मेंढरं आहेत, माडग्याळी. त्यानंतर जी सुटली, ती आता मलाच गप्प बसवते.

यंदा पहिलीचा वर्ग मी मागून घेतलाय. चौथीपर्यंत नेणार. म्हणजे आणखी चार वर्षं. लिहून टाकलं एकदाचं.

कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलंय. आणि दरवेळी आई आतून ओरडायची, "त्यांच्या लक्ष्मीबाईंनी पोरांसाठी मंगळसूत्र मोडलं, ते पण सांगा." मी काही मोडत नाहीये आई. फक्त दोन-अडीच तास लांब राहतेय, आणि ते तर तीन वर्षं राहतेच आहे.

खाण्याचं म्हणशील तर मालकीणबाई रोज गरम भाकरी देतात, शेंगाची चटणी तुझ्याहून थोडी तिखट. पाणी दोन दिवसांआड येतं, दोन पिंपं भरून ठेवते. खोलीला जाळी बसवली, विंचवाचं मनातून काढ. गोधडी आणली आहे, तीच, निळ्या काठाची. ताप आला की अजून तीच लागते. परवा आला होता थोडा, गेला.

आता माझं ऐका. बाबांच्या डोळ्यांत दोन्ही औषधं एकदम घालायची नाहीत, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. घड्याळ लावून, अंदाजानं नाही. डॉक्टर सांगेपर्यंत गाडी हरभट रोडला न्यायची नाही, किल्ली आईनं तांदळाच्या डब्यात ठेवावी. (बाबा, आता जागा कळली तर आई बदलेल.) आई, साखर उपाशीपोटी तपासायची, चहा झाल्यावर नाही. आणि ते भडंग "एक मूठ" म्हणून खातेस ना, मूठ दादाची असते. आयर्विन पुलावर पाणी ४० फुटांवर गेलं की कुणाच्या फोनची वाट न बघता मावशीकडं विश्रामबागला जायचं. २०१९ला "एवढं नाही येत" म्हणत बसलात आणि नावेतून निघालात. कागदपत्रांची पिशवी मी मागच्या खेपेला माळ्यावर ठेवलीय, ती खाली दादाकडून काढून घ्या. स्टूलावर चढायचं नाही. दोघांनीही.

मी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येणार. शाळा सुटली की थेट एसटी. जेवायला थांबू नका, पण थांबालच, म्हणून आधीच सांगते, पिठलं चालेल.

बाबा, एक काम आहे तुमच्याकडं. शेळीला कानडीत काय म्हणायचं? आजी "आडू" म्हणायची असं मला आठवतं, पण वर्गात म्हटलं तर पोरं हसली. माझा उच्चार चुकतोय की शब्दच, कळत नाही. शेळी, चूल, पाऊस, भाकरी, झोप, भूक... असे वीस-पंचवीस शब्द आजी म्हणायची तसे एका कागदावर लिहून पाठवाल? घाई नाही. अक्षर मोठं काढा. डोळ्यांना त्रास होत असेल तर तुम्ही सांगा आणि आई लिहील.

तुमची,
बाळी