पाखरांसाठी तिकीट काढू नका

नागपूर, ३ जून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल पुण्याहून दादाचा फोन आला होता. गुडघ्याचे व्यायाम अजून अर्धेच झालेत आणि तुम्ही मात्र "घरामागच्या सांदवाडीतली पाखरं उपाशी मरत असतील" म्हणून नागपूरच्या गाडीची चौकशी करताय म्हणे. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र.

पाखरं मजेत आहेत. तुमच्या करवंटीतली ज्वारी हे त्यांचं वरचं खाणं, खरं जेवण झाडांवर आहे. बुलबुल तर ज्वारीला शिवतही नाही, त्याला कढीपत्त्याची काळी फळं लागतात. मैनांचं लक्ष लिंबोळ्यांवर. चिमण्या दाणे टिपतात हे खरं, पण पिल्लांच्या चोचीत त्या किडे आणि अळ्याच भरवतात. त्या अळ्या आपल्या लिंबाच्या आणि पेरूच्या झाडावर असतात. म्हणून यंदा माळीबुवांना औषध फवारू दिलं नाही. पानं कुरतडलेली दिसतील, आल्यावर ओरडू नका.

उरलेली पोळी आणि शेव टाकणं मी बंद केलंय. मीठ-तेल त्यांना सोसत नाही. आता पंधरवड्यात पाऊस लागेल, तेव्हा ज्वारीही काढून घेईन. भिजलेल्या दाण्याला बुरशी धरते, आणि ती खाण्यापेक्षा पाखरू उपाशी बरं.

मी वाढवलंय ते पाणी. नवतपा, म्हणजे ऐन उन्हाचे नऊ दिवस, कालच संपला. या दिवसांत दुपारी दोनला पेरूखाली बघितलं, की मैना पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून बसलेली असायची. पाखरांना घाम येत नाही. तोंडावाटे वाफ जाते तोच त्यांचा मुख्य गारवा, आणि त्यासाठी पोटात पाणी हवं. मातीची तीन परळं ठेवलीत, दोन बोटं पाणी आणि मधे एक दगड, म्हणजे लहान जीव बुडत नाही. पाणी रोज सकाळी ओतून नवं भरते, नाहीतर आपणच डासांची शेती करायचो. ज्वारीकडे ढुंकून न पाहणारे दयाळ, सातभाई, तो तांबड्या डोळ्यांचा भारद्वाज, सगळे पाण्याला येतात. सातभाई आंघोळीला आले की परळ रिकामं करूनच जातात. भांडतात किती!

आई, आता तुझ्या वैरिणीबद्दल, त्या खारीबद्दल. बाबांनी करवंटीच्या तारेवर पत्र्याची थाळी बसवली ना, तर ती आता पेरूच्या फांदीवरून थेट उडी मारते. मागच्या पायांनी तारेला लटकून, डोकं खाली करून निवांत खाते. खारीचे मागचे पाय घोट्यातून पार उलटे वळतात, त्यामुळे झाडावरूनही ती तशीच डोकं खाली करून उतरते. थाळीबिळी तिच्यापुढे काय टिकणार? पाठीवरचे पट्टे मोजले, तीनच आहेत. बाबा पाच म्हणतात, त्यांनी चष्मा लावून बघावं. तिच्याच जातकुळीतल्या शेकरूला महाराष्ट्राने राज्यप्राण्याचा मान दिला, आणि हिच्या वाट्याला तुझं लाटणं! पण एक सांगते, ती खाते त्याहून जास्त सांडते आणि ते सांडलेलं खाली होले टिपतात. गेल्या आठवड्यात शिक्रा कडुनिंबावर येऊन बसला. पहिली ओरडली ती हीच. शेपटी झटकत चिर्र-चिर्र-चिर्र सुरू केलं आणि क्षणात सगळ्या चिमण्या बोगनवेलीत गडप. शिक्रा हात हलवत गेला. त्या दिवसापासून मी तिला हाकलत नाही. कूलरच्या जुन्या जाळ्या भिंतीला टेकवून ठेवल्यात, त्यांतलं गवत उपसून तिचं घरटं चाललंय. गवत तसंही फेकायचंच होतं.

कबुतरांचं मात्र कौतुक नाही. गच्चीवर दाणे टाकायचे नाहीत, हे मी शेजारच्या काकूंनाही सांगून आले. कबुतरांच्या विष्ठेची धूळ छातीला वाईट. दादरच्या कबुतरखान्याचं प्रकरण कोर्टात का गेलं ते तुम्ही पेपरात वाचलंच आहे. तेव्हा बाबा, दादाच्या बाल्कनीतही दाणे टाकू नका. तिथे चिमण्या येणार नाहीत, कबुतरंच येतील, आणि वहिनी तुम्हाला काही बोलणार नाही, दादाला बोलेल.

डॉक्टर जिने चढायला परवानगी देतील त्या दिवशी मी स्वतः तिकीट काढते. त्याआधी नाही. आपल्या घराला पाच पायऱ्या आहेत आणि सांदवाडीत उतरायला आणखी दोन.

आई, वड्यांवर झाकायची जाळी माळ्यावर आहे की तू पुण्याला नेलीस? पाऊस यायच्या आत मुगवड्या घालायच्यात आणि जाळीशिवाय त्या माझ्या ताटापर्यंत यायच्या नाहीत. लगेच कळव.

तुमची,
धाकटी