पीटर थॉमसन यांचे नाव का सुटले?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या क्रीडा पानावर जगातील थोर गोल्फपटूंचा परिचय करून देणारा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या खेळाला अर्धे पान मिळाले याचा आनंद झाला, परंतु लेखातील दहा नावांमध्ये ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसन यांचे नाव नाही, हे पाहून वाईट वाटले. एखादे नाव राहून जाणे समजण्यासारखे आहे, पण ज्या माणसाने ब्रिटिश ओपन ही गोल्फमधील सर्वांत जुनी स्पर्धा पाच वेळा जिंकली आणि आपल्या देशातील खुली स्पर्धा ज्याच्या पुढाकाराने सुरू झाली, तोच माणूस भारतीय वाचकासाठी केलेल्या यादीतून वगळला जावा, हे मला पटत नाही.

गोल्फचे मैदान रोज पाहायला न मिळणाऱ्या सोलापूरच्या माणसाला या नावाबद्दल इतकी आस्था का, असा प्रश्न कोणालाही पडेल, म्हणून आधी ते सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी उमेदीची सगळी वर्षे काढली. नव्वदच्या दशकात आम्हाला कोलकात्याहून गोल्फच्या टॉवेलची मागणी आली. हा टॉवेल नॅपकिनपेक्षा थोडा लांब असतो आणि त्याच्या एका कोपऱ्यात पितळी आयलेट, म्हणजे मध्ये भोक असलेली छोटी चकती, बसवून तो कडीने बॅगेला अडकवतात. पहिल्या खेपेचा माल परत आला, कारण टेरीच्या सैल विणीत आयलेटला धरायला आधार नव्हता आणि चार दिवसांच्या ओढाताणीत ते कापडासकट निसटत होते. चूक आमचीच होती. पुढच्या खेपेला आम्ही कोपऱ्याला साध्या विणीच्या कापडाचे दुहेरी अस्तर लावून त्यावर आयलेट ठोकले आणि नमुना दाखवायला मी स्वतः कोलकात्याला गेलो. तिथे एका वयस्क कॅडीने, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्या माणसाने, टॉवेल हातात घेऊन अर्धा पाण्यात बुडवला, पिळला आणि अर्धा कोरडा ठेवला. ओल्या भागाने काठीच्या पात्याची आणि चेंडूची माती पुसायची व कोरड्या भागाने मूठ, म्हणजे फटक्याच्या वेळी हात सटकत नाही, असे त्याने समजावून सांगितले. बोलता बोलता त्याने ज्या आदराने ‘टॉमसन साब’ असा उल्लेख केला, त्या आदरामुळे मी या खेळाडूविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि आज तीस वर्षांनंतरही वाचतो आहे.

थॉमसन यांचा जन्म 23 ऑगस्ट 1929 रोजी मेलबर्नच्या ब्रन्सविक या उपनगरात झाला. श्रीमंतांच्या क्लबात लहानाचा मोठा झालेला हा मुलगा नव्हे; घराजवळच्या नऊ होलच्या (चेंडू घालायच्या भोकांच्या) सार्वजनिक मैदानावर तो खेळ शिकला आणि 1949 मध्ये व्यावसायिक झाला. 1952 पासून 1958 पर्यंत सलग सात वर्षे ब्रिटिश ओपनमध्ये हा माणूस पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकाच्या खाली गेला नाही. 1952 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉक यांच्या मागे दुसरा आला, 1953 मध्ये अमेरिकेच्या बेन होगन यांच्या मागे संयुक्त दुसरा, त्यानंतर 1954, 1955 आणि 1956 अशी ओळीने तीन विजेतेपदे, 1957 मध्ये पुन्हा लॉक यांच्या मागे दुसरा, आणि 1958 मध्ये वेल्सच्या डेव्ह थॉमस यांच्याशी बरोबरी झाल्यावर 36 होलच्या निर्णायक लढतीत चार फटके कमी घेऊन विजय. ही स्पर्धा ओळीने तीन वर्षे जिंकणारा विसाव्या शतकातील तो एकमेव खेळाडू होय. त्याच्याआधी हे ज्यांना जमले, ते सगळे एकोणिसाव्या शतकातले होते.

इथे स्पर्धेचे त्या काळातील स्वरूप लक्षात घ्यावे लागते. गतविजेत्यालासुद्धा पात्रता फेरी खेळावी लागत असे, आणि शेवटच्या दिवशी एकाच दिवसात 36 होल चालत पूर्ण करावे लागत. 1954 मध्ये थॉमसन यांना पहिल्या बक्षिसापोटी 750 पौंड मिळाले. ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडपर्यंतचा विमानाचा प्रवास तेव्हा मुक्काम करत करत काही दिवसांनी संपत असे. अमेरिकेतील बहुसंख्य नामवंत खेळाडू याच कारणांमुळे त्या वर्षांत ब्रिटिश ओपनला येत नसत, आणि पुढे त्याच गोष्टीचा आधार घेऊन काही अमेरिकी टीकाकार म्हणू लागले की थॉमसन जिंकले खरे, पण समोर होते कोण?

आपल्या लेखाची यादीही याच मोजमापातून तयार झाली असावी, असे मला वाटते. अमेरिकेच्या दौऱ्यावरील, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतील, विजय आणि डॉलरमधील कमाई ही फूटपट्टी धरली, तर थॉमसन खरोखरच मागे पडतात, कारण त्यांच्या तरुणपणीच्या अमेरिकी दौऱ्यात त्यांच्या नावावर 1956 चा टेक्सासमधील एकच विजय आहे. त्याच वर्षी ते अमेरिकी ओपनमध्ये संयुक्त चौथे आले आणि 1957 मध्ये मास्टर्स या तिथल्याच दुसऱ्या मोठ्या स्पर्धेत पाचवे. म्हणजे तिथे ते अगदीच निष्प्रभ होते असेही नाही. पण अमेरिकेत चेंडू मोठा होता, 1.68 इंच व्यासाचा, तर इतरत्र 1.62 इंचांचा लहान चेंडू चालत असे. मैदानेही पाणी पाजून मऊ ठेवलेली, जिथे चेंडू उंच उडवून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, अलगद उतरवायचा. थॉमसन यांचा खेळ याच्या नेमका उलट होता. समुद्रकाठच्या टणक, उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या मैदानांवर ते चेंडू जमिनीपासून फार उंच न उडवता मारत, ग्रीनच्या बऱ्याच अलीकडे टाकत आणि जमिनीच्या चढउतारावरून घरंगळत तो भोकापाशी नेत. आपल्याकडे मे महिन्यात तापून दगडासारख्या झालेल्या मुरमाच्या मैदानावर ज्याने विटी-दांडू किंवा गोट्या खेळल्या आहेत, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. अशा जमिनीवर टप्पा कुठे पडेल यापेक्षा टप्पा पडल्यानंतर काय होईल हे ज्याला आधी कळते, तोच जिंकतो. थॉमसन यांच्या फटक्यात पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत असे फारसे काही नव्हते, असे म्हणतात, आणि कदाचित म्हणूनच त्यांची आठवण लवकर पुसली गेली.

टीकाकारांना उत्तर 1965 मध्ये मिळाले. त्या वर्षी रॉयल बर्कडेल येथे गतविजेते टोनी लेमा, अर्नोल्ड पामर आणि जॅक निकलस असे तिघेही बिनीचे अमेरिकी खेळाडू मैदानात होते. थॉमसन तेव्हा छत्तीस वर्षांचे होण्याच्या बेतात होते. ते दोन फटक्यांनी जिंकले, तेही त्याच मैदानावर जिथे अकरा वर्षांपूर्वी त्यांनी पहिले विजेतेपद मिळवले होते. यानंतरही कोणाला शंका राहिली असेल, तर 1985 चे साल पाहावे. पन्नाशी ओलांडलेल्या व्यावसायिकांच्या अमेरिकेतील दौऱ्यावर त्यांनी त्या एका वर्षात नऊ स्पर्धा जिंकल्या आणि कमाईच्या यादीतही ते पहिले आले. म्हणजे डॉलरच्या मापानेही मोजायचे असेल, तर ते माप त्यांनी सावकाश, आपल्या वेळेने पूर्ण केले.

परंतु माझा खरा आग्रह त्यांच्या प्रवासाविषयी आहे. बक्षिसाची रक्कम जिथे मोठी तिथेच जायचे, असे त्यांनी केले नाही. दहा देशांच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या. एकट्या न्यूझीलंडची नऊ वेळा, हाँगकाँगची तीन वेळा, शिवाय इटली, स्पेन, जर्मनी, फिलिपिन्स. युरोपला जाता-येता ते भारतात उतरत असत, आणि या देशात गोल्फ रुजू शकतो, अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांच्याच कल्पनेतून आणि खटपटीतून 1964 मध्ये इंडियन ओपन सुरू झाली. पहिली स्पर्धा त्यांनीच जिंकली, मग 1966 ची आणि पुन्हा 1976 ची. 1970 मध्ये ही स्पर्धा आशियाई मालिकेत सामील झाली, आणि आपल्या खेळाडूंना घरच्या मैदानावर जपान, तैवान, ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंशी दरवर्षी झुंजण्याची सोय झाली. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी मैदानाची पुनर्रचनाही 1976-77 मध्ये त्यांनीच केली.

या स्पर्धेचे फळ काय, हे पाहायचे असेल तर विजेत्यांची यादी पुरेशी आहे. 1965 मध्ये बिल्लू सेठी या हौशी भारतीय खेळाडूने ती जिंकली. त्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ एकही भारतीय विजेता झाला नाही. 1991 मध्ये अली शेर जिंकले आणि इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. दिल्लीच्या मैदानावर कधीकाळी दुसऱ्यांच्या बॅगा वाहणारा हा कॅडी 1993 मध्ये पुन्हा विजेता झाला. 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा जिंकणारे एस. एस. पी. चौरसिया तर कोलकात्यातील मैदानावर गवताची निगा राखणाऱ्या माळ्याचे चिरंजीव. गोल्फ हा फक्त बड्या लोकांचा खेळ आहे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते, आणि क्लबच्या सभासदत्वापुरते ते खरेही आहे. पण मैदानाच्या कडेला उभे राहून, परक्याची काठी पुसत खेळ शिकलेल्या या मुलांना आपला खेळ दाखवायला एक राष्ट्रीय व्यासपीठ हवे होते, आणि ते उभे करण्यात एका परदेशी माणसाचा हात होता, हे आपल्या वाचकांना कळायलाच हवे. तो टॉवेल भिजवून दाखवणारा वयस्क कॅडी मला इथे पुन्हा आठवतो. त्याच्या बोलण्यातला आदर केवळ परदेशी पाहुण्याविषयीचा नव्हता.

थॉमसन 1962 पासून 1994 पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. 1998 मध्ये मेलबर्नला त्यांच्याच नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय संघाने (युरोप सोडून उरलेल्या जगाच्या) प्रेसिडेंट्स कप या सांघिक स्पर्धेत अमेरिकेला हरवले. 20 जून 2018 रोजी, वयाच्या 88 व्या वर्षी मेलबर्नमध्ये त्यांचे निधन झाले. त्या आठवड्यात मी रोज सकाळी आमच्याकडे येणारी दोन मराठी दैनिके चाळत होतो, आणि दोन्हींत मला एक ओळही सापडली नाही.

म्हणून आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पहिली ही की, पुढील एखाद्या रविवारी थॉमसन यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा आणि त्यात इंडियन ओपनचा भाग दोन ओळींत न उरकता सविस्तर मांडावा. दुसरी विनंती अशी की, यापुढे इंडियन ओपन सुरू असेल तेव्हा केवळ विजेत्याचे छायाचित्र न छापता चारही दिवसांचे भारतीय खेळाडूंचे गुण रोजच्या रोज द्यावेत, निदान पहिल्या पाच भारतीयांचे तरी. त्यांत एखादा जुना कॅडी किंवा माळ्याचा मुलगा असेल, तर तेही लिहावे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
टॉवेल कारखान्यातील एक निवृत्त कर्मचारी,
सोलापूर