सम्या, राहिलेला 'कोर्ट' बघ

सम्या,

काय रे, परवा अर्धाच पिक्चर बघून पळालास, खरी मजा नंतर झाली. 'कोर्ट' संपला आणि आमचं जे जुंपलं ते पार रात्री दीडपर्यंत.

मंग्याचं तुझ्यासारखंच, कॅमेरा एका जागी ठोकून ठेवलाय, माणसं येतात जातात, तारखा पडतात, मग डायरेक्टर ताम्हाणेनं केलं काय? २०१४ ला व्हेनिसमध्ये दोन अवॉर्ड मिळाली म्हणून चांगलं म्हणायचं का? मी म्हटलं अरे, लोकशाहीर कांबळेचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला असा आरोप, आता असल्या बिनडोक केसमध्ये कॅमेरापण नाचवला असता तर निव्वळ फार्स झाला असता. ती त्या कामगाराची बायको साक्ष देते बघ, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजून तो खाली उतरायचा, हे ती रोजचं काहीतरी सांगावं तसं सांगते, रडणं नाही, मागे म्युझिक नाही. माझ्या घशात अडकलं काहीतरी. मंग्या तेव्हा मोबाईलमध्ये होता, असो.

पण खरा राडा शेवटावरून. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, एकेक दिवा बंद होतो, दार लागतं आणि पडदा काळाकुट्ट, बराच वेळ. मी रिमोट उचलला, म्हटलं संपला. कुठलं काय! पुढे जजसाहेब रिसॉर्टला, कुणाचा तरी पोरगा बोलत नाही तर त्याला अंकशास्त्र आणि खडा सुचवतायत, मग बाकड्यावर पेंगतायत, पोरं जोरात ओरडून दचकवतात, एकाला थोबाडीत बसते आणि साहेब परत झोपतात. बास, खलास.

मी अडून बसलो की अंधारातच संपवायला हवा होता, हे शेपूट कशाला. स्मिता इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, अंधारात संपला असता तर तू सिस्टीमला चार शिव्या घालून मस्त झोपला असतास, तुला सिस्टीमचा चेहरा दाखवलाय, जजला बनियनवर दाखवायचं राहिलं एवढंच. कांबळे आत सडतोय आणि हा डुलकी काढतोय.

मला उत्तरच सुचलं नाही रे. तरी ती थोबाडीत जरा जास्तच झाली असं मला अजून वाटतं, नुसता झोपलेला ठेवला असता तरी पोचलं असतं.

तू राहिलेला बघ आणि सांग. फक्त दिवे गेले की लगेच बंद करू नकोस.

तुझा,
पक्या