धुराने दाखवलेली गळती

वेंगुर्ले,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी नुकताच बागेतून आलो होतो. गाडीचा इंजिनचा दिवा पेटलाय आणि गॅरेजवाला कॅनिस्टर बदलायला बावीस हजार मागतोय, हे तुझं सगळं ऐकून घेतलं, पण मला सांगायचं होतं ते राहूनच गेलं. फोनवर ते नीट सांगताही आलं नसतं, म्हणून सकाळी चहा घेऊन कागद पुढ्यात ओढला.

पहिलं हे, की कॅनिस्टर, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा तो डबा, बदलायला अजून हो म्हणू नकोस. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा डॅशबोर्डवर स्थिर पेटलाय, लुकलुकत नाही, गाडी ओढतेय, ॲव्हरेजही पडलेलं नाही असं तू म्हणालास. मग घाबरायचं कारण नाही. तो लुकलुकायला लागला तर मात्र इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे आत पेट्रोल नीट जळत नाही, असं समज आणि गाडी बाजूला घे. गाडीखाली पेट्रोलचा थेंब दिसला, तरी चावी लावू नकोस. या दोन गोष्टी सोडल्या तर शोधायला भरपूर वेळ आहे.

माझ्याकडे हेच चतुर्थीच्या आधी झालं. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या मंडळींना आणायला कुडाळ स्टेशनला निघालो होतो, तेव्हा दिवा पेटला. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये नेली. तिथे स्कॅनर लावला, गाडीच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा कोड पुसला, पाचशे रुपये घेतले आणि "झालं" म्हणून सांगितलं. आठव्या दिवशी दिवा पुन्हा हजर. तेव्हा तेच गॅरेज म्हणालं, "कॅनिस्टर गेलाय, बावीस हजार." तुला जे सांगितलं तेच.

मला खरी जाग आणली ती आईने. आमची गाडी मांगरात, म्हणजे घराजवळच्या शेडमध्ये, असते आणि न्हाणीची चूल तिथून दहा पावलांवर. एका सकाळी आई म्हणाली, "मांगरात पेट्रोलाचो वास येता रे, चुलीत जाळ घालूक भय वाटता." त्या दिवसापासून गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावली आणि ही भानगड मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं.

टाकीतलं पेट्रोल सतत उडत असतं. ती वाफ बाहेर सुटू नये म्हणून टाकीपासून एक नळी कॅनिस्टरकडे जाते. कॅनिस्टर म्हणजे सक्रिय कोळशाने भरलेला डबा. कोळसा ती वाफ धरून ठेवतो. गाडी चालू असताना इंजिनाजवळची एक झडप, पर्ज व्हॉल्व्ह, उघडते, इंजिनाच्या ओढीने डब्यातली वाफ आत जाते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. डब्याच्या दुसऱ्या टोकाला व्हेंट असतो, त्यातून ताजी हवा आत येते. अमेरिकेत 1971 पासून गाड्यांना असा डबा बसतोय. पीयूसीला हा दोष कळत नाही, कारण पीयूसीवाला नळी सायलेन्सरला लावतो आणि ही वाफ सुटते टाकीकडून.

आता दिवा का पेटतो? ज्या गाड्यांत ही तपासणी आहे त्यांचा संगणक व्हेंट बंद करतो, टाकीत थोडा दाब किंवा ओढ तयार करतो आणि ती टिकते का ते सेन्सरवर बघतो. टिकली नाही तर गळती. मोठी असेल तर पी-0455, बारीक असेल तर पी-0442, अगदीच बारीक असेल तर पी-0456. 0442 म्हणजे साधारण एक मिलिमीटरचं भोक आणि 0456 म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं! पण ही परीक्षा रोज होत नाही. गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली हवी, टाकी ना काठोकाठ ना तळाला हवी, आणि बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोनदा नापास झाल्यावरच दिवा पेटतो. म्हणून कोड पुसला की आठवडाभर सगळं शांत वाटतं. दुरुस्त काहीच झालेलं नसतं. सगळ्याच गाड्या ही परीक्षा घेत नाहीत, हेही लक्षात ठेव. काही फक्त पर्ज व्हॉल्व्हची वायरिंग शाबूत आहे का एवढंच बघतात. म्हणून कोडचा नेमका आकडा हातात आल्याशिवाय कुणाचंच ऐकू नये.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून कर. आतली रबरी रिंग बोटाने फिरवून बघ. तडकलेली, चपटी झालेली किंवा मातीने माखलेली असेल तर दोष तिथेच असू शकतो. झाकण टक टक आवाज येईपर्यंत फिरव. ते बसवल्यावर दिवा लगेच विझत नाही, गाडी तीनेक फेऱ्यांत पास व्हावी लागते. मी झाकण नवीन आणलं, आठवडाभर वाट पाहिली, काही फरक पडला नाही.

मग पर्ज व्हॉल्व्ह. थंड इंजिन सुरू कर, कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढ आणि तिथे बोट धर. इंजिन नुकतंच सुरू झालेलं असताना ओढ लागता कामा नये. लागली तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. पेट्रोल भरल्याभरल्या गाडी सुरू व्हायला कुरकुरते, ती बहुतेक यामुळेच. हा व्हॉल्व्ह कॅनिस्टरच्या मानाने अगदी स्वस्त आहे.

माझा व्हॉल्व्ह ठीक निघाला. शेवटी कुडाळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो, त्यांच्याकडे स्मोक मशीन आहे. तेल तापवून केलेला पांढरा धूर ते नळीतून टाकीच्या बाजूला सोडतात. दाब इतका कमी, की तळहातावर जेमतेम फुंकर जाणवते. धुराआधी व्हेंट बंद करावा लागतो, नाहीतर सगळा धूर तिथूनच निघून जातो. हे घरी पंप लावून करायला जाऊ नकोस; टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि जास्त दाबाने टाकीच फुगते.

दहा मिनिटं काहीच दिसलं नाही. मेस्त्रींनी मागच्या चाकाच्या आतलं प्लास्टिक सोडवलं तर ओंजळभर लाल माती खाली पडली. आपल्या जांभ्याची, ओली, घट्ट बसलेली. तिच्या मागे पेट्रोल भरायची लोखंडी नळी. मेस्त्रींनी बॅटरी मारली आणि म्हणाले, "हयसर बघा." नळीच्या वळणावर गंजाचा पोपडा सुटला होता आणि त्याच्या कडेने दोऱ्याएवढा धूर वर चढत होता. मी अंगठा दाबला, धूर थांबला. उचलला, पुन्हा सुरू. एवढ्या भोकासाठी मी बावीस हजार मोजायला निघालो होतो.

नळी आणि रिंग मिळून चार हजार दोनशे झाले. कुणी पेस्ट लावून बुजवू म्हणेल, पण ते करू नकोस, गंज खालून चालूच राहतो. आणि टाकीजवळ वेल्डिंग तर मुळीच नको. खारी हवा आणि चार महिने ओली राहणारी माती एकत्र आली की किनाऱ्यावर लोखंड टिकत नाही. तुझी गाडी देवगडला तीन वर्षं उघड्यावर होती, म्हणून मला पहिला संशय त्या लोखंडी नळीचाच येतो. रबरी नळ्याही बघून घे, उंदीर पावसाळ्यात त्याच कुरतडतात. व्हेंटच्या तोंडाशी कुंभारमाशीचं मातीचं घर आहे का, तेही बघ. पंपावर नोझल सारखं आपोआप बंद पडत असेल तर तिथे अडथळा असू शकतो.

एक गोष्ट आजपासून बंद कर. नोझल आपोआप थांबल्यावर "पाचशे राउंड करून टाक" म्हणायचं नाही. त्या वरच्या भरण्याने कॅनिस्टरमध्ये वाफेऐवजी पेट्रोलच शिरतं आणि कोळसा भिजून निकामी होतो. तुझा कॅनिस्टर खरंच गेला असेल तर कारण बहुधा हेच असेल, आणि ही सवय राहिली तर नवा डबाही जाईल.

गॅरेजमधून कोडचा पूर्ण आकडा लिहून घे आणि आजच मला कळव. दिवा पेट्रोल भरल्यावर पेटला की आधी, आणि गाडीला सकाळी वास येतो का, तेही कळव. गुरुवारी मी कुडाळला जातोय, मेस्त्रींना विचारून ठेवतो. तू शनिवारी येणार असलास तर गाडी रात्री इथेच थंड होऊ दे, रविवारी सकाळी दोघं घेऊन जाऊ. आईने तुझ्यासाठी कोकमं बांधून ठेवली आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भाई