भागाकार जमतो, पण वस्तुमान आलं कुठून?

महोदय,

नात अकरावी सायन्सला आहे. क्लासच्या नोट्समध्ये रेणुसूत्र, म्हणजे एका रेणूत कोणते अणू किती ते, एका ओळीत उरकलंय: मोलर वस्तुमानाला (एका मोलच्या वजनाला) एम्पिरिकल सूत्राच्या (अणूंचं सगळ्यात साधं प्रमाण दाखवणाऱ्या सूत्राच्या) वस्तुमानाने भागा, येईल त्याने त्या सूत्रातले अणू गुणा. का, ते नाही.

माझी उमेदीची वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत सूत रंगवण्यात गेली, म्हणून तिला निळीचंच (इंडिगो रंगाचं) गणित घातलं. पृथक्करणातून अणूंचं फक्त प्रमाण कळतं: कार्बन ८, हायड्रोजन ५, नायट्रोजन १, ऑक्सिजन १. अणूंची वस्तुमानं अनुक्रमे १२, १, १४, १६ धरली की ९६ + ५ + १४ + १६, म्हणजे १३१. निळीचं मोलर वस्तुमान मात्र २६२. म्हणजे सगळं दुप्पट: कार्बन १६, हायड्रोजन १०, नायट्रोजन २, ऑक्सिजन २. हे २६२ वेगळं मोजावं लागतं, नुसत्या टक्केवारीतून ते निघत नाही. नेमकं हेच नोट्समध्ये गाळलंय. ॲसिटिक आम्ल आणि ग्लुकोजची टक्केवारी तंतोतंत सारखी. वस्तुमानं ६० आणि १८०. एक व्हिनेगरमध्ये, दुसरं सलाईनमध्ये!

भागाकार १.९८ आला तर २ धरणं ठीक. पण १.५ आला तरी पोरं बिनधास्त २ लिहितात. तिथे आधीचं गणित तपासायला नको? क्लासवाल्यांनो, एवढी फी घेता, तर फळ्यावर एक तरी उदाहरण मुळापासून सोडवा.

— एक आजोबा, अशोक चौक, सोलापूर