इनिशिएटिव्हचा एकच नियम कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांची (टेबलाभोवती बसून आपापल्या काल्पनिक पात्राची भूमिका वठवत खेळायच्या खेळांची) ओळख करून देणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. नव्या खेळाडूंना तो निश्चितच उपयोगी पडेल. मात्र लढाईत आधी कोणी खेळायचे हे ठरवणारा इनिशिएटिव्हचा नियम त्यात एका वाक्यात उरकला आहे, आणि प्रत्येकाने वीस बाजूंचा फासा टाकून उतरत्या क्रमाने खेळणे हीच जणू एकमेव रीत आहे, असा वाचकाचा समज होतो. बरीच वर्षे गेम मास्टरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची आणि शत्रूंच्या वतीने खेळणाऱ्याची, जबाबदारी सांभाळत असल्याने याविषयी थोडे लिहावेसे वाटले.

ही रीत समजली जाते तितकी जुनी नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच एक खेळ १९७४ साली आला. त्याच्या १९८१ च्या बेसिक नियमावलीत प्रत्येक फेरीला खेळाडू आणि शत्रू हे दोन्ही पक्ष एकेक सहा बाजूंचा फासा टाकत आणि जिंकणारा पक्ष आधी खेळे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दहा बाजूंचा फासा होता, लहान आकडा सरस ठरे आणि शस्त्र जितके अवजड तितका आकडा वाढवण्याची सोय होती. लढाईच्या आरंभी एकदाच फासा टाकायचा आणि तोच क्रम शेवटपर्यंत चालवायचा, ही पद्धत २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने रूढ केली.

तिची मुख्य अडचण वाट पाहण्याची आहे. पाच खेळाडू, चार शत्रू आणि प्रत्येक पाळीला दोन मिनिटे धरली, तर स्वतःची पाळी संपल्यावर खेळाडूला सोळा मिनिटे काहीच काम नसते. अशा वेळी त्याचा हात मोबाईलकडे गेला तर दोष त्याला देता येत नाही. शिवाय चपळाईला जे महत्त्व मिळते असे वाटते, तेही फारसे मिळत नाही. ज्याच्या फाशात चपळाईबद्दल तीन मिळवले जातात असा चपळ चोर, काहीच न मिळणाऱ्या शत्रूच्या मागे शंभरात ३४ वेळा राहतो.

याहून मोठे नुकसान डावपेचांचे होते. समजा, योद्ध्याने राक्षसाला ढकलून आडवे पाडले. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत पडलेल्या शत्रूवर अगदी जवळून वार करणाऱ्याला दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो, तर बाण मारणाऱ्याला त्यातला लहान आकडा घ्यावा लागतो. आता क्रमात योद्ध्यानंतर लगेच राक्षसाचीच पाळी असेल, तर तो त्या पाळीत चालता येणाऱ्या अंतरापैकी निम्मे खर्चून उठतो आणि योद्ध्याची मेहनत वाया जाते. मध्ये फक्त तिरंदाज असेल तर ती त्याच्या मुळावरच येते. खेळाडूंनी एकमेकांशी कितीही मसलत केली तरी क्रम त्यांच्या हाती नसतो. सगळा पक्ष एकत्र खेळत असता, तर तिरंदाजाने आधी बाण सोडला असता, मग योद्ध्याने राक्षसाला पाडले असते आणि चोराने शेवटी वार केला असता.

पर्याय पुष्कळ आहेत. ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’मध्ये प्रत्येक फेरीला पत्ते वाटतात आणि जोकर आला की हवे तेव्हा खेळता येते, पत्ते समोर दिसत असल्याने क्रम लिहून ठेवण्याची कटकटही वाचते. काही खेळांत पाळी संपवणाराच पुढच्याला खो देतो. ही पद्धत मला मनापासून आवडते, परंतु शत्रूला सर्वांत शेवटी ठेवले तर पुढच्या फेरीचा पहिला खो तोच देतो आणि तो स्वतःच्याच पक्षाला देतो, हे कळायला खेळाडूंना एखादी लढाई लागतेच. काही खेळांत क्रमच नसतो आणि प्रसंगानुसार गेम मास्टर ज्याच्याकडे वळेल तो खेळतो. तिथे अबोल खेळाडू मागे पडतो.

माझा कौल पक्षनिहाय पाळीला आहे, पण एका दुरुस्तीसह. निव्वळ पक्षनिहाय खेळात पहिल्या पातळीच्या, म्हणजे अगदी नवख्या जादूगारावर पाच गॉब्लिन (छोटे राक्षस) त्याने तोंड उघडण्याआधीच तुटून पडू शकतात. म्हणून फक्त सुरुवातीला प्रत्येक खेळाडूने फासा टाकावा. शत्रूच्या आकड्यावर मात करणाऱ्यांनी आधी खेळावे, मग सगळ्या शत्रूंनी, आणि त्यानंतर सर्व खेळाडू व सर्व शत्रू असे आलटून पालटून खेळावे. यात चपळ पात्राला सलामीचा लाभ मिळतो आणि पुढे पक्षाला आपापसांत हवा तो क्रम लावता येतो. प्रत्येक फेरीला फासा टाकण्याची जुनी पद्धत मी जाणीवपूर्वक टाळतो, कारण एका फेरीत शेवटी आणि पुढच्या फेरीत आधी खेळणाऱ्या पक्षाला सलग दोन पाळ्या मिळतात आणि तेवढ्यात लढाईचा निकाल लागून जातो.

याचा एक तोटा आहे. जास्त बोलणारा खेळाडू सगळ्यांचे डाव ठरवू लागतो. त्यावर, मसलतीला एक मिनिट आणि मग ज्याचे त्याने बोलायचे, एवढी शिस्त पुरते. तसेच ‘पुढील पाळी संपेपर्यंत’ टिकणाऱ्या मंत्रांची मुदत पात्राच्या पाळीऐवजी पक्षाच्या पाळीवर मोजावी, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे.

आपला,
एक गेम मास्टर